पंचाची उजवी बाजू

(न्यूझीलंड. हॅमिल्टन शहरातलं 'ते रापा' नावाचं उपनगर. ऑक्टोबरातला शनिवार, दुपारचे चार वाजून गेलेत. दुधाच्या कारखान्यामागे बेसबॉलचं एक नवं मैदान; उद्या इथे क्लबचा मोसमातला पहिला सामना. खेळाडू निवडायचं काम करणारी सुनेत्रा कारखान्याच्या लॅबमधली सकाळची शिफ्ट उरकून थेट इथे आली आहे, आणि बॅटर जिथे उभा राहतो त्या होमपाशी थांबली आहे. तिचे पाय केव्हाचे कुरकुरतायत, पण पायांचं ऐकायला वेळ कुणाला आहे! अडुसष्ट वर्षांचे राजारामकाका क्लबचे स्कोअरर. मैदानाची मापंही तेच घेतात. मोजायची फीत गुंडाळत ते तळ्याच्या बाजूनं परत येतायत.)

सुनेत्रा : काका, परत सांगा. ही कुठली बाजू?

राजाराम : कुठली म्हणजे? तळ्याकडची. कुंपणापर्यंत अठ्ठ्याहत्तर मीटर. जुलैत मोजली तेव्हा अठ्ठ्याहत्तर, आजही अठ्ठ्याहत्तर. बोटभर फरक नाही. एकदा मोजलं म्हणजे मोजलं, काय?

सुनेत्रा : आकडा नका सांगू. बाजू सांगा.

राजाराम : उजवी.

सुनेत्रा : कोणाची उजवी?

राजाराम : अगं, उजवी म्हणजे उजवी. तुला लिहून दिलं होतं की. उजवी आखूड, अठ्ठ्याहत्तर. डावी लांब, एकशेदोन.

सुनेत्रा : इथे या जरा. माझ्या शेजारी उभे राहा. हे होम. बॅटर इथे. बॉल जाणार समोर, तिकडे. बरोबर?

राजाराम : बरोबर.

सुनेत्रा : आता उजवा हात वर करा.

राजाराम : शाळेतल्यासारखं काय चालवलंयस... हं, केला.

सुनेत्रा : तळं कुठे आहे?

राजाराम : आधी हात खाली घेऊ का?

सुनेत्रा : काका, तळं.

राजाराम : डावीकडं आहे.

सुनेत्रा : डावीकडे आहे.

राजाराम : थांब. थांब जरा. मला त्या टेकाडावर जाऊन बघू दे.

सुनेत्रा : टेकाडावर कशाला? ते पिचरचं टेकाड. तिथून पिचर टाकतो.

राजाराम : तिथंच उभा होतो मी जुलैत. इथं तेव्हा होतं काय? गुडघाभर चिखल. होम नाही, बेस नाहीत, चुन्याची एक रेघ नाही. ही मागची जाळी आणि ते टेकाड, एवढंच. मी टेकाडावर गेलो, जाळीकडं तोंड केलं आणि उजवी-डावी लिहिली.

सुनेत्रा : जाळीकडे तोंड का केलंत?

राजाराम : सत्तावीस वर्षं सांगली जिल्ह्यात पंचगिरी केली मी, सुनेत्रा. क्रिकेटचा पंच उभा कुठं राहतो? बोलर टाकतो त्या टोकाला. तिथून बॅट्समनकडं बघायचं, आणि तिथनं मग आपली उजवी, आपली डावी. पायांनी नेलं मला तिथं. डोक्याला विचारलंच नाही.

सुनेत्रा : म्हणजे उलटं. सगळंच्या सगळं उलटं. अहो, इथे राइट फील्ड म्हणजे होमवरून बघणाऱ्याच्या उजवीकडचं. टेकाडावरच्या माणसाच्या नाही!

राजाराम : माहितेय मला ते.

सुनेत्रा : माहितेय!

राजाराम : अगं, माहितेय. अकरा वर्षं स्कोअर लिहितोय. झोपेतनं उठवून विचारलंस तरी सांगीन. पण त्या दिवशी पाऊस लागला होता, एकटाच होतो, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी सांगलीला जाऊन उभा राहिलो.

सुनेत्रा : मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला. म्हटलं, काका, नक्की उजवी ना? तुम्ही म्हणालात, डोळे मिटून लिही.

राजाराम : म्हणालो होतो.

सुनेत्रा : आणि मी डोळे मिटूनच लिहिलं. तुमच्यावर कशाला चिडू? मला काय झालं होतं येऊन बघायला? रोज इथून गाडी नेते मी. चार मिनिटांचा रस्ता.

राजाराम : तू नाशिकला होतीस, आईपाशी.

सुनेत्रा : ऑगस्टमधे परत आले ना?

राजाराम : तेव्हा गेटला कुलूप होतं. गवत धरायचं होतं. परवा परवा उघडलंय.

सुनेत्रा : बाहेरून दिसलं असतं, काका. गाडी थांबवून काच खाली केली असती तरी दिसलं असतं. थकले होते, दुसरं काही नाही. शिफ्ट संपली की मला फक्त माझी गादी दिसायची.

राजाराम : बस जरा त्या बाकावर. पाणी पी.

सुनेत्रा : अख्खी टीम त्या एका शब्दावर उभी केलीये मी. जुनं मैदान आठवतंय ना? चारी बाजूंनी मोकळं रान. तिथे कितीही उंच मारा, खाली कोणीतरी येऊन उभा राहणार आणि झेलणार. म्हणून तिथे आपण पळणारी माणसं घेतली. बॉल जमिनीवरून सरकवायचा आणि पळत सुटायचं. चार वर्षं तेच केलं, आणि बरं चाललं होतं आपलं. मग हे मैदान मिळालं. एका बाजूचं कुंपण इतकं जवळ, की नीट उचलला तर बॉल बाहेर. होमरन. मग त्या बाजूला मारणारी माणसं नकोत का शोधायला?

राजाराम : हवीत की.

सुनेत्रा : उजवीकडे कोण मारतो? डावखुरा. उजव्या हाताचा माणूस ताकदीनं फिरवतो तेव्हा बॉल त्याच्या डावीकडे जातो, डावखुऱ्याचा उजवीकडे. म्हणून मी डावखुरे गोळा करत हिंडले. कोल्ड स्टोअरमधला तो फिलिपिनो जोएल, त्याच्या मागे महिनाभर लागले. डॅरनच्या बायकोला जाऊन भेटले, रविवारी सोडा हो त्याला म्हणून. आणि शुभमला घेतला. शुभमला, काका! बेस कुठल्या क्रमानं पळायचे ते अजून त्याला विचारावं लागतं. तरी का घेतला? डावा खेळतो म्हणून.

राजाराम : गुणाचा आहे तो. शिकेल.

सुनेत्रा : पिचरसुद्धा डावखुरा आणला. समोरच्यांचे डावखुरे अडवायला. आता त्यांचे डावखुरे काय करतील ते करोत, उजवे येतील आणि खुशाल त्या तळ्यात बॉल फेकतील. आपले तीन डावखुरे मारतील तिकडे, एकशेदोन मीटरवाल्या बाजूला. उंच, सुंदर आणि सरळ कोणाच्या तरी हातात.

राजाराम : एक सामना हरलो तर हरलो. त्यात काय मोठंसं.

सुनेत्रा : मी सामन्याचं म्हणत नाहीये.

राजाराम : ठाऊक आहे, कुणाचं म्हणतेयस ते.

सुनेत्रा : मग घ्या ना नाव. मघापासून दोघंही आपण नाव घेत नाहीयोत.

राजाराम : इंद्रनील.

सुनेत्रा : इंद्रनील. सहा वर्षं खेळला आपल्याकडे. उजव्या हाताचा. आणि त्याचं जन्माचं दुखणं काय होतं? उचलून मारायचा. डावीकडे, उंच. जुन्या मैदानावर निम्मे बॉल झेलले जायचे आणि तो हसत परत यायचा. म्हणायचा, ताई, आभाळात होता तोवर बरा दिसत होता ना? मी वहीत मोजलं होतं त्याचं. मागच्या मोसमात चौदा वेळा झेलबाद. त्यातले अकरा झेल ऐंशी मीटरच्या पुढे.

राजाराम : म्हणजे इथं...

सुनेत्रा : इथे अकरा होमरन. या मैदानाला त्याच्यापेक्षा चांगला माणूस अख्ख्या वायकाटो प्रांतात मिळाला नसता. आणि मी त्यालाच काढला. कागद पाठवला त्याला फोनवर. मैदानाचं चित्र, आकडे, बाण. खाली लिहिलं, सॉरी, नवं मैदान तुझ्या खेळाला सोयीचं नाही. त्यानं अंगठा पाठवला.

राजाराम : यादी अजून बंद झाली नाही ना?

सुनेत्रा : पाचला बंद होते. लीगच्या साइटवर. त्यानंतर मोसमभर नाव घालता येत नाही.

राजाराम : आणि पंधरावी जागा?

सुनेत्रा : रिकामी आहे. रिकामी आहे काका, मला माहितेय. तुमच्या डोक्यात काय आलंय तेही माहितेय. नका.

राजाराम : तो आत्ता येईल बॅटची पिशवी परत द्यायला. तू आजच बोलावलंयस ना? आला की सांगू या. चूक माझी आहे, मी सांगतो. आणि घाल त्याचं नाव.

सुनेत्रा : तो सोमवारी चाललाय!

राजाराम : सलोनी चाललीय सोमवारी, त्याची बायको. त्याचं तिथलं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय.

सुनेत्रा : तेच म्हणते मी. त्याला कळलं तर तो जाणारच नाही. तुम्ही ओळखत नाही का त्याला? दोन वर्षं सलोनी त्याला म्हणत होती, अप्पर हटला जाऊ, तिथे हॉस्पिटलात मला दिवसाची ड्यूटी मिळतेय. इथे चार वर्षं नाईट करतेय ती. माणसं दुपारचं जेवतात तेव्हा ही पडदे ओढून झोपते. आणि हा काय म्हणायचा? हा मोसम होऊ दे. मग पुढचा मोसम होऊ दे. आपण काढला तेव्हा कुठे तो हो म्हणाला. आता पेट्या भरून झाल्यात, घर मिळालंय, स्टेशनपाशी. सगळं सुरळीत झालंय. आणि तुम्हाला आज पाचच्या आत त्याला सांगायचंय की तू इथे होमरन मारणार होतास.

राजाराम : मग काय, दडपून ठेवायचं?

सुनेत्रा : दडपायचं कशाला? नंतर सांगू. नोव्हेंबरात सांगू. हसेल आणि सोडून देईल.

राजाराम : यादी बंद झाल्यावर.

सुनेत्रा : हो, यादी बंद झाल्यावर! मला नाही आता कोणाचा संसार अंगावर घ्यायचा. दमलेय मी.

राजाराम : मीही दमलोय, सुनेत्रा. पण ऐक. एकदा मिरजेला मी एका मुलाला पायचीत दिला. बॅटला लागून पायाला लागला होता. घरी जाताना ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगितलं, बाळा, चुकलं माझं. तो म्हणाला, काल सांगितलं असतं तर निवड समिती अजून बसलेली होती, साहेब. आज सांगून तुम्हालाच झोप लागणार, मला काय त्याचं? त्याचा चेहरा अजून जात नाही माझ्या डोळ्यांपुढनं. उशिरा सांगितलेलं खरं म्हणजे आपल्यापुरती सोय असते. मला नको ती.

सुनेत्रा : आणि सलोनी?

राजाराम : सलोनीचं काय करायचं ते त्याचं तो बघेल. त्याची बायको आहे ती, तुझी-माझी नाही. निम्मी गोष्ट लपवून आपण कोण ठरवणार त्याच्या वतीनं?

सुनेत्रा : आली त्याची गाडी. काका, प्लीज. मी हात जोडते.

राजाराम : जोडू नकोस. खाली घे हात, बघेल तो.

इंद्रनील : किया ओरा मंडळी! कसलं भारी झालंय हो मैदान! ही घ्या पिशवी. सहा बॅट, दोन हेल्मेट, आणि एक जांडल मिळाली आत, रबरी चप्पल, डाव्या पायाची. कोणाची आहे देव जाणे. सहा वर्षं बिचारी एकटीच पडली होती.

सुनेत्रा : ठेव तिथे. झालं का पॅकिंग?

इंद्रनील : पॅकिंग होत नसतं ताई, ते करत राहायचं असतं. दोन माणसांचा संसार, पण एकवीस पेट्या झाल्या. त्यातल्या सात नुसत्या मसाल्यांच्या असाव्यात. सलोनी म्हणते तिकडे मिळणार नाही. म्हटलं, अगं, अप्पर हट आहे, अंटार्क्टिका नाही. कंबर गेलीये माझी. काय सर, इतके गप्प? उद्याची काळजी?

राजाराम : बस इथं, इंद्रा.

इंद्रनील : बसतो. तसं पाच मिनिटांसाठीच आलोय. हेच ते तळं होय? हे तर... एकदम जवळ आहे. मजा आहे राव उद्या लेफ्टीज्‌ची. तो कागद अजून आहे हं माझ्याकडे, ताई. छापून फ्रिजवर लावलेला होता, काल काढला. तुम्हाला सांगतो, मला तो कागद आवडला होता.

सुनेत्रा : आवडला?

इंद्रनील : वाईट वाटलं, ते वेगळं. पण आवडला. मी इथे शिकायला आलो तेव्हापासून किती ठिकाणी अर्ज केले असतील? प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर, यू आर नॉट द राइट फिट. का ते कोणी सांगायचं नाही. आपण आपलं आरशात बघत बसायचं, काय कमी आहे म्हणून. तुम्ही निदान कारण दिलंत. मीटरमधे दिलंत! मैदान आखूड त्या बाजूला, माझा बॉल जातो या बाजूला, विषय संपला. माझ्यात काही खोट नाही, मैदानाचा आकारच तसा. स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त. त्या कागदामुळे मी गप्प बसू शकलो.

राजाराम : तो कागद चुकीचा आहे.

सुनेत्रा : काका...

राजाराम : मी चुकवला. मी टेकाडावर उभा राहून लिहिला, जाळीकडं तोंड करून. क्रिकेटच्या पंचासारखा. माझी उजवी म्हणजे तुमची डावी. तू मघाशी तळ्याकडं बघून डावखुऱ्यांची मजा म्हणालास. होमवर जाऊन उभा राहा, मग बघ कुणाची मजा आहे ती.

इंद्रनील : म्हणजे?

राजाराम : जा, उभा राहा. मी थांबतो.

सुनेत्रा : इंद्रनील, नाही गेलास तरी चालेल.

इंद्रनील : का नाही जायचं? ...हं. उभा आहे. हे तळं माझ्या... अरे. हे तर माझ्या...

राजाराम : डाव्या अंगाला.

इंद्रनील : अठ्ठ्याहत्तर मीटर?

राजाराम : अठ्ठ्याहत्तर.

इंद्रनील : म्हणजे माझी बाजू आहे ही.

राजाराम : तुझीच.

इंद्रनील : सर, माझा साधा बॉल जातो इथे. चुकून लागलेला जातो. सकाळी चहा न पिता आलो तरी जातो.

राजाराम : हो.

इंद्रनील : कधी कळलं हे?

सुनेत्रा : अर्धा तास झाला. मी ओरडले काकांवर. पण चूक माझी जास्त आहे. मी मैदान न बघता माणूस काढला. सहा वर्षं खेळलेल्या माणसाला एक कागद पाठवला आणि फोनही केला नाही, कारण फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी हिंमत नव्हती. चुकले मी. मला माफ कर.

इंद्रनील : तीन महिने, ताई.

सुनेत्रा : हो.

इंद्रनील : शनिवारी काय करायचं ते कळायचं नाही मला. प्रॅक्टिसच्या वेळेला गाडी धुवायचो. एका शनिवारी दोनदा धुतली. शेजारचा म्हातारा विचारायला लागला, विकणार आहेस का म्हणून. मी स्वतःला समजावत होतो, मैदानच तसं आहे रे बाबा, मैदानाशी कोण भांडणार. आणि मैदान तर बिचारं माझ्याच बाजूनं होतं!

राजाराम : शिव्या दे मला. खरंच दे. बरं वाटेल.

इंद्रनील : तुम्हाला काय शिव्या देणार, सर? स्कोअर कसा लिहायचा ते तुम्हीच शिकवलंत. इथे आलो त्या पहिल्या दिवाळीला तुमच्याच घरी जेवलो मी. आणि... छे. हे मला आज का सांगितलंत? आजच का? सोमवारी सांगायचं, मंगळवारी सांगायचं.

सुनेत्रा : मी तेच म्हणत होते.

राजाराम : कारण पंधरावी जागा रिकामी आहे आणि यादी पाचला बंद होतेय. अजून नाव घालता येतं. नंतर सांगितलं असतं तर नुसती गंमत सांगितल्यासारखं झालं असतं.

इंद्रनील : घालता येतं?

राजाराम : तिच्या हातात फोन आहे. नाव घातलं की झालं. उद्या तू इथं.

इंद्रनील : माझं काम पुढच्या महिन्यात आहे.

सुनेत्रा : इंद्रनील...

इंद्रनील : नाही, नुसता हिशोब करतोय. सलोनी सोमवारी गेली तर मी इथे राहू शकतो थोडे दिवस. शुभमकडे एक खोली आहे. मग तिकडून वीकेंडला यायचं. सहा तासांचा रस्ता आहे. शुक्रवारी निघायचं, रविवारी खेळून परत. मोसम फेब्रुवारीपर्यंत, मधे नाताळची सुट्टी. म्हणजे किती झाले, बारा वीकेंड? लोक करतात. नाही का करत?

राजाराम : करतात.

सुनेत्रा : करतात. आणि ती काय करणार बारा वीकेंड, नव्या गावात? पडदे उघडून बसणार?

इंद्रनील : तिचा हिशोब राहिलाच की.

सुनेत्रा : मी बोलायला नको होतं. तुझा प्रश्न आहे. तू म्हणशील ते करते. घालू म्हणालास तर घालते, एक अक्षर बोलणार नाही.

इंद्रनील : तुम्हाला एक सांगू? यादीत माझं नाव आलं नाही, त्या दिवशी सकाळी ती ड्यूटीवरून आली. मी म्हणालो, चल, जाऊ अप्पर हटला. ती म्हणाली, आणि तुझी टीम? मी म्हणालो, सोडली. तुझ्यासाठी.

राजाराम : काढलं म्हणून नाही सांगितलंस?

इंद्रनील : लाज वाटली, सर. दोन वर्षं ज्या टीमसाठी तिला थांबवलं, त्या टीमनं मला एका कागदावर उडवला, हे कसं सांगणार? आणि फ्रिजवर मी नुसतं चित्रच लावलं होतं, ते बघून तिला वाटलं, असेल काहीतरी मैदानाचं. ती रडली हो. किचनमधे उभी राहून, युनिफॉर्ममधेच. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तू सोडशील.

सुनेत्रा : मला माहितेय. ती भेटली होती मागच्या महिन्यात, दुकानात. मला म्हणाली, ताई, त्यानं माझ्यासाठी सोडली ना टीम. मी हो म्हणाले.

इंद्रनील : तुम्ही हो म्हणालात?

सुनेत्रा : तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

इंद्रनील : आता पेट्या भरताना मधेच ती मला थँक यू म्हणते. असंच. ताटं कागदात गुंडाळता गुंडाळता. आणि मी टेप शोधायला गॅरेजमधे जातो. टेप तिथेच असते टेबलावर.

राजाराम : इंद्रा, मी तुला अडचणीत घातलं.

इंद्रनील : नाही. थांबा. थांबा जरा, मला नीट बघू द्या एकदा. कसलं सुंदर आहे हो हे. त्या तळ्याच्या पलीकडे धुरांडं, त्याच्या डाव्या हाताला टाकायचा बॉल. बदकं उडतील.

सुनेत्रा : उडतील.

इंद्रनील : किती वाजले?

सुनेत्रा : चार एक्कावन्न.

इंद्रनील : पाचला नक्की बंद होते? मग कोणालाच उघडता येत नाही? तुम्हालाही?

सुनेत्रा : कोणालाच नाही.

इंद्रनील : सरका थोडं, सर. बसतो इथे. पाच वाजले की जातो.

राजाराम : नाव?

इंद्रनील : आत्तापर्यंत मी टीम सोडलीच नव्हती, सर. तुम्ही काढलं होतं. सोडायची तर आत्ता सोडायचीये.

सुनेत्रा : इंद्रनील, खात्री आहे?

इंद्रनील : अजिबात नाही. म्हणून तर सांगतो, फोन तुमच्याच हातात राहू दे. आणि मधे मी काही म्हणालो, तरी ऐकू नका.